एका स्टाफरूममधले तीन पगार : प्राध्यापकाचे वय आणि रुजू होण्याची तारीख

एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवणाऱ्या, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. दोन्ही असलेल्या छत्तीस वर्षांच्या अध्यापकांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. शेजारच्या टेबलावरचे अठ्ठावन्न वर्षांचे सर आणि आपण एकाच वर्गाला एकच विषय शिकवत असताना त्यांचा पगार आपल्या मानधनाच्या कितीतरी पट का असावा? हा फरक वयाचाच आहे का? चाळिशीनंतर कायम झालो तर हाती काय उरेल? आणि ज्येष्ठांना लवकर निवृत्त केले तर तरुणांना जागा मिळतील का? अनुदानित महाविद्यालयातील दीर्घ नोकरी आणि प्राध्यापक संघटनेत सेवाविषयक प्रकरणे पाहण्याचे काम, या दोन्हींच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे. ते महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठे आणि त्यांना संलग्न महाविद्यालये यांच्यापुरतेच आहे.

प्रथम आकडे मांडू. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाची सुरुवात दहाव्या स्तरावर ५७,७०० रुपये मूळ वेतनाने होते आणि सहयोगी प्राध्यापकाचा १३-अ हा स्तर १,३१,४०० पासून २,१७,१०० पर्यंत जातो. तुमच्या शेजारचे सर या स्तरावर १,९८,७०० या टप्प्यावर आहेत असे धरू; नव्वदीच्या दशकात लागलेल्या आणि सर्व पदोन्नत्या मिळालेल्या अध्यापकासाठी हा आकडा अवास्तव नाही. तुमच्या बाजूला पदवीच्या तासिकेचा दर ९०० रुपये आहे आणि आठवड्याला नऊ तासिकांची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला फार तर ३२,४०० रुपये. वर्षातून नऊ महिने काम मिळाले असे उदारपणे धरले तरी वर्षाचे २,९१,६०० रुपये होतात. सरांचे केवळ मूळ वेतन वर्षाला २३,८४,४०० रुपये, म्हणजे तुमच्या आठपटीहून थोडे अधिक. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर हेच गुणोत्तर बारापटीवर जाते, कारण तो भत्ता त्यांना मिळतो आणि तुम्हाला मिळत नाही.

आता या बारापटीचे दोन तुकडे करून पाहा, कारण तक्रार करताना हे दोन्ही तुकडे नेहमी एकत्र मिसळले जातात. काल रुजू झालेला कायम सहायक प्राध्यापक आणि तुमचे सर यांच्या वेतनात फरक आहे तो साधारण साडेतीनपटीचा. त्यात तीस वर्षांच्या वेतनवाढी आणि तीन पदोन्नत्या आहेत, आणि वयाचा म्हणून जो काही हिस्सा असेल तो सगळा एवढ्यातच आहे. दुसरा तुकडा काल रुजू झालेल्या त्या कायम अध्यापकाच्या आणि तुमच्यामधला. महागाई भत्ता धरून तोही साडेतीनपटीचाच भरतो, आणि त्या दोघांच्या वयात काहीही अंतर असण्याचे कारण नाही. किंबहुना तो तुमच्याहून पाच वर्षांनी लहान असू शकतो. म्हणजे ज्याला आपण ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील दरी म्हणतो तिचा निम्मा भाग कायम आणि अ-कायम यांच्यातील आहे, आणि तो निम्मा भाग कोणत्याही वेतन आयोगाने घडवलेला नाही.

या ठिकाणी एक गणित मला नेहमी बोलके वाटते. कायम सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार आठवड्याला सोळा तासांचा आहे, सहयोगी प्राध्यापकाचा चौदा. सोळा तासिका, चार आठवडे आणि ९०० रुपये यांचा गुणाकार ५७,६०० होतो. दहाव्या स्तराच्या आरंभीच्या मूळ वेतनापेक्षा तो शंभर रुपयांनी कमी आहे. म्हणजे दर आता तितका तुटपुंजा राहिलेला नाही, जितका तो २०१८ साली ५०० रुपये ठरवला तेव्हा होता. फटका बसतो तो इतर चार ठिकाणी : एका पूर्णवेळ पदाचा कार्यभार दोघांत वाटणारी नऊ तासिकांची मर्यादा, सुट्ट्या आणि परीक्षांच्या काळात थांबणारे मानधन, महागाई भत्त्याचा अभाव, आणि कितीही वर्षे शिकवले तरी न वाढणारा दर. पंचविशीतला आणि पंचेचाळिशीतला तासिका अध्यापक एकाच दराने शिकवतात. त्या अर्थाने संपूर्ण उच्च शिक्षणात वयानुसार वेतनभेद अजिबात नसलेला एकमेव वर्ग हाच आहे, आणि हे कौतुकाने म्हणण्यासारखे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या आरंभी अतिथी अध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला होता, तो राज्याने जसाच्या तसा स्वीकारलेला नाही, हेही नोंदवून ठेवावे.

मग कायम अध्यापकांमधला साडेतीनपटीचा फरक वयाचा आहे का? इथेही उत्तर सरळ होकारार्थी देता येत नाही. वार्षिक वेतनवाढ तीन टक्क्यांची आहे आणि ती सर्वांना सारखी मिळते. पण पगाराच्या वाटचालीत जो खरा चढ आहे तो एकाच पायरीवर आहे. पीएच.डी. असलेला अध्यापक ५७,७०० वर रुजू झाला, तर चार वर्षांनी अकराव्या स्तरावर ६८,९०० वर जातो, त्यानंतर पाच वर्षांनी बाराव्या स्तरावर सुमारे ८४,७०० वर. तिथे तीन वर्षे काढल्यावर त्याचे मूळ वेतन ९२,५०० च्या आसपास असते आणि सहयोगी प्राध्यापक म्हणून स्थाननिश्चिती, म्हणजे सेवाकाळ आणि अटी पूर्ण केल्यावरची पदोन्नती, झाली की ते थेट १,३१,४०० होते. बारा वर्षांत मिळून जेवढी वाढ झाली, त्याहूनही अधिक वाढ या एका आदेशाने होते. त्यापुढे आणखी तीन वर्षांनी प्राध्यापकपद, चौदावा स्तर, १,४८,५००. म्हणून आमच्याकडे कोणी नवीन अध्यापक वेतनाबद्दल विचारायला आला की त्याचे वय विचारण्याआधी मी दोन गोष्टी विचारत असे : पीएच.डी. कधी झाली आणि सहयोगी पदाची देय तारीख कोणती.

ही पायरी ओलांडण्याच्या अटी वेगवेगळ्या पिढ्यांना वेगवेगळ्या मिळाल्या, आणि वयाच्या नावाखाली दिसणारा बराच फरक इथे दडलेला आहे. सहाव्या वेतन आयोगात, १ जानेवारी २००६ रोजी निवडश्रेणीत, म्हणजे तेव्हाच्या १२,०००-१८,३०० या श्रेणीत, ज्यांची तीन वर्षे पूर्ण झालेली होती त्यांना थेट ३७,४००-६७,००० चा वेतनपट्टा, ९,००० चे शैक्षणिक श्रेणी वेतन आणि सहयोगी प्राध्यापक हे पदनाम मिळाले, त्यासाठी पीएच.डी.ची अट नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांतही महाविद्यालयीन अध्यापकाला पीएच.डी.शिवाय सहयोगी पदापर्यंत जाण्याची वाट होती. २०१८ च्या विनियमांनी ती वाट बंद केली. त्यामुळे आज एकाच विभागात पीएच.डी. नसलेले ज्येष्ठ सहयोगी प्राध्यापक आणि पीएच.डी. नाही म्हणून बाराव्या स्तरावर अडकलेले, त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनीच लहान असलेले सहकारी शेजारी-शेजारी बसतात. पहिल्यांनी काही लबाडी केली नाही आणि दुसऱ्यांनी काही आळस केला असेही नाही. एकाची देय तारीख एका नियमाखाली आली आणि दुसऱ्याची दुसऱ्या.

अशा तारखांनी आमचा पेशा अक्षरशः चिरफाळलेला आहे. १९ सप्टेंबर १९९१ नंतर नेट किंवा सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा अनिवार्य झाली, पण पात्र उमेदवार मिळेनात म्हणून पुढची अनेक वर्षे महाविद्यालयांनी ती नसलेले अध्यापक घेतले. ३ एप्रिल २००० पर्यंत नेमलेल्या अशा हजारो अध्यापकांची सेवा हे राज्यातील एक मोठे सेवाविषयक भांडण ठरले, २०१३ मध्ये प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर घातलेल्या बहिष्कारामागे हाच प्रश्न अग्रभागी होता, आणि त्या वर्षी शासनाने जो तोडगा काढला त्यात सेवा नियमित धरली ती शासन निर्णयाच्या तारखेपासून. वीस वर्षे शिकवलेला माणूस पदोन्नतीच्या हिशेबात नवखा ठरला. पुढे न्यायालयीन लढाया झाल्या, पण यातले कित्येकजण आज पन्नाशीच्या शेवटाला असून त्यांचे मूळ वेतन त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान सहकाऱ्यापेक्षा कमी आहे. वय वाढले की पगार वाढतो या समजाला याहून ठळक अपवाद मी पाहिलेला नाही. त्यानंतर ११ जुलै २००९ ही तारीख आली, त्याआधी पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्यांना काही अटींवर नेट-सेटमधून सूट मिळाली, त्यानंतरच्यांना ती पीएच.डी. आयोगाच्या २००९ च्या किंवा पुढच्या विनियमांनुसार झाली असेल तरच.

आणि या सगळ्यांत जिचे वजन सर्वाधिक आहे ती तारीख म्हणजे १ नोव्हेंबर २००५. त्याआधी अनुदानित पदावर लागलेल्याला जुने निवृत्तिवेतन, म्हणजे ढोबळमानाने अखेरच्या वेतनाच्या निम्मे आणि त्यावर महागाई वाढ, आयुष्यभर आणि त्यानंतर जोडीदारालाही. त्यानंतर लागलेल्याच्या पगारातून दहा टक्के कपात, शासनाचा आधी तेवढाच आणि पुढे चौदा टक्क्यांपर्यंत वाढलेला हिस्सा, आणि साठाव्या वर्षी जमलेल्या रकमेतील किमान चाळीस टक्के वार्षिकीसाठी बांधून ठेवावे लागतात. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला, त्यानंतर सुधारित योजनेची घोषणा झाली, काहींना भरतीच्या जाहिरातीच्या तारखेच्या आधारे जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. पण यातले काय तुमच्या संवर्गाला लागू आहे हे संबंधित शासन निर्णय हातात घेऊन, त्याच्या शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचूनच ठरवावे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या सारांशावर निवृत्तीचे नियोजन करणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत, आणि ते इतरांना संशोधनपद्धती शिकवतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा तुम्ही बेचाळिसाव्या वर्षी कायम झालात. राज्यातील विद्यापीठीय आणि महाविद्यालयीन अध्यापकांचे नियत वयोमान साठ वर्षांचे आहे, म्हणजे हाती अठरा वर्षे उरतात. पीएच.डी. तुमच्याकडे आहेच. पदोन्नत्या वेळेवर झाल्या तर चोपन्नाव्या वर्षी सहयोगी, सत्तावन्नाव्या वर्षी प्राध्यापक आणि निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन, सध्याच्याच वेतनरचनेत मोजायचे तर, १,६२,३०० च्या आसपास. तुमच्यासारखीच अर्हता घेऊन सत्ताविसाव्या वर्षी लागलेला अध्यापक बेचाळिसाव्या वर्षी प्राध्यापक होतो आणि पंचावन्नाव्या वर्षी चौदाव्या स्तराच्या कमाल मर्यादेला, २,१८,२०० ला, टेकून तिथेच थांबतो. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी दोघांच्या मूळ वेतनात एक चतुर्थांशाचा फरक असतो, अनेकांना वाटतो तितका अचाट नाही. खरी हानी झालेली असते ती सत्तावीस ते बेचाळीस या पंधरा वर्षांत, जेव्हा त्याची भविष्य निर्वाह खाती भरत होती, घराचे कर्ज फिटत होते आणि तुम्ही जून ते मार्च या हिशेबाने जगत होता.

याच्या उलट एक गणित ठेवतो. तिसाव्या वर्षी कायम लागलेला, पण पीएच.डी. न केलेला अध्यापक सहा वर्षांनी अकराव्या आणि त्यानंतर पाच वर्षांनी बाराव्या स्तरावर जातो व २०१८ च्या नियमांखाली तिथेच राहतो; फक्त वार्षिक वेतनवाढी घेत साठाव्या वर्षी त्याचे मूळ वेतन दीड लाखाच्या किंचित वर, सुमारे १,५२,७०० होते. म्हणजे बारा वर्षे उशिरा लागलेले तुम्ही चोपन्नाव्या वर्षी त्याला गाठता आणि निवृत्त होताना त्याच्या पुढे असता. ज्या कोणाला आपल्या वयाची चिंता वाटते त्याने ही दोन उदाहरणे कागदावर मांडून पाहावीत. या रचनेत बारा वर्षांच्या वयापेक्षा एका पदवीचे मोल अधिक आहे. ते तसे असावे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पीएच.डी.च्या नावाखाली राज्यात जे प्रबंध मान्य झाले आहेत ते वाचलेल्या माणसाला त्याचे उत्तर देताना अवघडल्यासारखे होते.

यातला ‘पदोन्नत्या वेळेवर झाल्या तर’ हा शब्दप्रयोग मात्र हलक्यात घेऊ नका. नियम असा आहे की किमान सेवाकाळ पूर्ण होताच अर्ज केला आणि निवड समितीने पात्र ठरवले, तर पदोन्नती देय तारखेपासून लागू होते. पण एखादी अट उशिरा पूर्ण झाली, तर ती पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. उद्बोधन वर्ग किंवा उजळणी वर्ग राहिला म्हणून दीड-दोन वर्षे गेलेली प्रकरणे सर्रास आढळतात, आणि ती दीड-दोन वर्षे पुढच्या प्रत्येक पायरीवर तशीच चालत राहतात. एका प्रकरणाची फाईल मी जवळून पाहिली होती. अध्यापिकेची पात्रता निर्विवाद होती, उजळणी वर्गाचे प्रमाणपत्रही होते, पण त्यावर नाव माहेरचे आणि सेवापुस्तकात सासरचे. राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडलेली नव्हती म्हणून प्रस्ताव उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून महाविद्यालयात, तिथून विद्यापीठात आणि पुन्हा सहसंचालक कार्यालयात असा फिरत राहिला. प्रत जोडल्यावर काम मार्गी लागले. पण दरम्यान विद्यापीठाच्या तज्ज्ञ समितीची मुदत संपली होती आणि नवी समिती मिळेपर्यंत आणखी एक सत्र गेले. विवाह, बाळंतपण आणि त्यामुळे लांबलेली पीएच.डी. यांमुळे स्त्री-अध्यापकांची देय तारीख पुरुषांच्या मागे पडते ती बहुतेक वेळा अशा ठिकाणी. पीएच.डी.साठी त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ आणि २४० दिवसांची प्रसूती रजा आहे, पण पदवी लांबल्याने मागे पडलेली स्थाननिश्चितीची देय तारीख त्याने भरून येत नाही.

तुमच्या तासिका सेवेचे काय होते, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी ते सांगणे भाग आहे, कारण या बाबतीत फार मोठा गैरसमज आहे. कायम झाल्यावर आधीची सात-आठ वर्षांची सेवा पदोन्नतीसाठी मोजली जाईल असे बहुतेकजण धरून चालतात. २०१८ च्या विनियमांत तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा मोजण्याची तरतूद आहे खरी, पण तिच्या अटी वाचा : आवश्यक अर्हता त्या वेळी असली पाहिजे, रीतसर गठित निवड समितीच्या शिफारशीने नियुक्ती झालेली असली पाहिजे आणि त्या काळात मिळणारे एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी असता कामा नये. तिसरी अट तासिका अध्यापक पूर्ण करूच शकत नाही. ज्याला कमी पैसे दिले त्याची सेवा कमी पैशांच्या कारणाने मोजायची नाही, हे तर्कट मला आजवर कोणी समाधानकारकपणे समजावून सांगितलेले नाही. पण नियम तो आहे आणि तो धरूनच हिशेब करावा लागेल.

भरतीच्या वेळीही हीच गत आहे. मुलाखतीसाठी निवडयादी करताना महाविद्यालयांसाठीच्या गुणांकन तक्त्यात अध्यापनाच्या अनुभवाला दर वर्षी दोन असे एकूण दहा गुण आहेत; पीएच.डी.ला पंचवीस. म्हणजे पाच वर्षांनंतरच्या तासिका सेवेला त्या तक्त्यात शून्य किंमत आहे. सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षी तुम्ही त्याच वर्गात उभे राहून जे शिकवता, त्याने तुमचे शिकवणे सुधारत असेल, गुण वाढत नाहीत. त्याच वेळेत झालेल्या दर्जेदार प्रकाशनाने ते थोडेफार वाढतात, तेही महाविद्यालयीन तक्त्यात सहा गुणांपर्यंतच. शिवाय त्या विनियमांनुसार हे गुण मुलाखतीसाठी बोलावण्यापुरतेच असतात. विद्यापीठांतील विभागांसाठी तक्ता वेगळा आहे आणि राज्याने निवडीच्या पद्धतीत वेळोवेळी बदलही केले आहेत, त्यामुळे ज्या जाहिरातीला अर्ज करायचा तिच्यातीलच पद्धत पाहावी.

वयोमर्यादेबद्दल थोडक्यात : नेट किंवा सेटच्या सहायक प्राध्यापक पात्रतेला कमाल वय नाही, कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला आहे आणि ते तुमच्याबाबतीत उलटून गेले आहे. छत्तिसाव्या वर्षी तुम्ही कागदोपत्री उशिरा नाही. व्यवहारात मात्र निवड समितीसमोर बेचाळीस वर्षांचा उमेदवार आणि एकोणतीस वर्षांचा उमेदवार यांच्याकडे एकाच नजरेने पाहिले जात नाही, आणि संस्थाचालकांची गणिते तर वेगळीच असतात. त्याविषयी इथे लिहिण्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या जिल्ह्यात कान उघडे ठेवावेत.

शेवटचा प्रश्न ज्येष्ठांच्या निवृत्तीचा. केंद्रीय विद्यापीठांत २००७ पासून निवृत्तीचे वय पासष्ट आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात शिकवणारा प्राध्यापक पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याच गावातल्या, नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकवणारा साठाव्या वर्षी. सहाव्या आयोगाच्या वेळी केंद्राने थकबाकीचा ऐंशी टक्के भार उचलताना निवृत्तीचे वयही वाढवण्याची अपेक्षा ठेवली होती. पण राज्यांवर ती अट बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये स्पष्ट केले. ज्येष्ठ सहकारी हा भेदभाव आहे म्हणतात, तरुण म्हणतात की साठच बरे, जागा तरी मोकळ्या होतात. पाच वर्षे आणखी मिळावीत अशी इच्छा असलेले ज्येष्ठ तुमच्या वाटेत उभे आहेत ही कल्पना मला पटत नाही, आणि त्याचे कारण भावनिक नाही.

महाराष्ट्रात निवृत्तीचे वय साठच राहिले, दर वर्षी माणसे निवृत्त होत गेली, म्हणजे तरुणांच्या बाजूने जे मागितले जाते ते आपोआप घडतच होते. त्याने जागा मिळाल्या का? २०१७ मध्ये भरतीवर निर्बंध आले, नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त पदांपैकी चाळीस टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापक पदे भरण्यास मान्यता मिळाली, त्यातली सगळी भरण्याआधी करोनाचा काळ आला, आणि २०२१ मध्ये उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा परवानगी द्यावी लागली. शंभर खुर्च्या रिकाम्या झाल्या तर चाळीस भरायच्या, त्याही तीन-चार वर्षांनी, हे त्या धोरणाचे सूत्र होते. उरलेल्या साठ खुर्च्यांचा कार्यभार नऊ-नऊ तासिकांत वाटला गेला, आणि त्यातली एक वाटणी आज तुमच्याकडे आहे. तुमच्या सरांना उद्या अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवले तर त्यांच्या जागी कायम अध्यापक येण्यापेक्षा आणखी दोन तासिका अध्यापक येण्याचीच शक्यता अधिक, आणि विभागात बिंदुनामावली, म्हणजे पदांच्या आरक्षणाची यादी, कशी तपासून घ्यायची, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा अहवाल कसा लिहायचा, सहसंचालक कार्यालयात कोणत्या टेबलावर काय अडते हे माहीत असलेला माणूस तेवढा कमी होईल. २००१ नंतरची महाविद्यालये मुळातच कायम विनाअनुदानित असल्याने तिथे तर हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथला पगार संस्था ठरवते, आणि तो सातव्या आयोगाच्या तक्त्याशी जुळवून पाहण्याचे धाडस मी करणार नाही.

तेव्हा पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी माझा सल्ला असा राहील. दर वर्षीच्या तासिका नियुक्तीला विद्यापीठाची मान्यता मिळाली आहे याची खात्री करून मान्यतेचे पत्र त्याच वर्षी हस्तगत करा, कारण मान्यतेविना दिलेले अनुभवाचे प्रमाणपत्र छाननीत टिकत नाही, आणि प्राचार्य बदलले की जुन्या वर्षाचा कागद शोधून द्यायला कोणी तयार नसते. पाच मान्य वर्षे पूर्ण झाली असतील तर त्यानंतर केवळ अनुभवासाठी सत्र स्वीकारू नका. त्या वेळेचा मोबदला अन्यत्र अधिक मिळत असेल तर तिकडे जा आणि लेखन चालू ठेवा. एकाच जिल्ह्यात वाट पाहत बसू नका. केंद्रीय विद्यापीठांच्या आणि शेजारच्या राज्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, कारण पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या संस्थेत बेचाळिसाव्या वर्षी लागणे म्हणजे अठराऐवजी तेवीस वर्षे मिळणे, आणि त्या अधिकच्या पाच वर्षांतला पगार हा तुमच्या संपूर्ण कारकिर्दीतला सर्वांत मोठा पगार असतो. निवृत्तिवेतन नव्या योजनेचेच मिळणार असे गृहीत धरून, मानधनाच्या काळातही स्वतःच्या नावावर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते चालू करून ठेवा. रक्कम लहान असली तरी चालेल, पंधरा वर्षांची मुदत लवकर सुरू होणे महत्त्वाचे आहे. आणि कायम झाल्याच्या पहिल्याच महिन्यात सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या, त्यात जन्मतारीख, नाव, पीएच.डी. प्रदान झाल्याची तारीख आणि रुजू दिनांक या चार नोंदी तपासून त्यावर सही घ्या.